ओझरच्या मिगसाठी एकच एअरब्रश : नोंदी

८ जून २०२५

प्लॅस्टिकच्या मॉडेलचं किट उघडून सगळे स्प्रू (सुटे भाग लागलेल्या चौकटी) ताडून पाहिले, काही कमी नाही. १/७२ स्केलचं मिग-२१ एफएल, हवाई दलाच्या सुरुवातीच्या काळातलं, कॅमोफ्लाज चढण्याआधीचं, उघड्या धातूचं. पुढची पिटो ट्यूब (वेग मोजायची नळी) सोडली तर लांबी जेमतेम वीस सेंटीमीटर आणि पंख दहा. खरं विमान ओझरला, आमच्या नाशिकच्या अंगणातच, हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये (एचएएल) बनायचं; इंजिनं कोरापुटची, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादचं. नाशिककरानं पहिलं जेट करायचं तर दुसरं कुठलं करणार?

प्रश्न रंगाचा आहे. आजवर रणगाडे आणि ट्रक केले, ते हातानं रंगवले. त्यांच्यावर धूळ-चिखल चढवला की ब्रशचे फटकारे खपून जातात. ॲल्युमिनियमचा रंग काहीही खपवून घेत नाही. स्प्रे कॅन मारला तर या मापावर थर इतका जाड बसतो की पॅनलच्या रेषा बुजतात. तेव्हा एअरब्रश घ्यायचा, म्हणजे हवेच्या दाबानं रंगाचा बारीक फवारा मारणारं हातातलं छोटं गन.

बजेट वीस हजार. एअरब्रश, कॉम्प्रेसर, होज (हवेची नळी), तोंडाचा मास्क आणि धुण्यापुसण्याचं सामान त्यातच. ब्रश एकच घेणार. प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा थर), मोठा सपाट भाग, कॅमोफ्लाजची मऊ कड, बारीक शेडिंग, सगळं त्यानंच निभावलं पाहिजे.

११ जून

प्रकार ठरवायला फार वेळ लागला नाही. सिंगल ॲक्शनमध्ये बटण दाबलं की हवा आणि रंग एकदमच येतात. रंग किती यायचा ते आधी स्क्रू फिरवून ठरवावं लागतं. पाशेचं एच किंवा बॅजरचं ३५० ही त्यातली जुनीजाणती नावं. दोन्हींत हवा आणि रंग टोकाच्या बाहेर मिसळतात, म्हणून धुवायला सोपी आणि दणकट. नुसता प्रायमर आणि वार्निश मारायचं असेल तर मी डोळे मिटून तसलंच घेतलं असतं. पण हात चालू असताना रेष बारीक-जाड करता येत नाही, आणि मला तेच हवं आहे.

म्हणून डबल ॲक्शन: ट्रिगर दाबला की हवा, मागे ओढला की रंग, जितका ओढाल तितका. आणि वाटी वरच्या बाजूला असलेलं, ग्रॅव्हिटी फीड. खाली बाटली लटकवायच्या सायफन प्रकारात रंग वर खेचायला जास्त प्रेशर लागतं, आणि बाटलीच्या नळीतच इतका रंग अडकतो की तेवढ्यात माझा एक पंख रंगवून होईल.

१५ जून

आता नोझल, म्हणजे रंग बाहेर पडायचं टोकाचं भोक. बाजारात ०.२, ०.३, ०.५ मिलिमीटर असे आकडे फिरतात आणि नव्या माणसाला वाटतं, जितकं लहान तितकं भारी. ०.२ मधून खरोखर केसासारखी रेष येते, पण रंग अगदी पातळ आणि गाळलेला लागतो. ॲक्रिलिक तर टोकावर सुकून दर दोन मिनिटांनी अडतो. प्रायमर आणि मेटॅलिकमधले कण त्यात हमखास अडकतात. ०.५ ला यातलं काही होत नाही. बॅजरचं पेट्रियट १०५ याच मापाचं आहे आणि रणगाडेवाल्यांचं ते लाडकं. मी १/३५ स्केलच्या रणगाड्यांतच राहणार असतो तर वाद नव्हता. पण १/७२ च्या विमानावर कॅमोफ्लाजची मऊ कड एक-दीड मिलिमीटरच्या आत बसली पाहिजे, नाहीतर ते धुक्यातून आल्यासारखं दिसतं. ०.५ नंही जमतं म्हणतात. जमत असेल, पण हात बसलेल्याला.

एकच घ्यायचं तर ०.३ ते ०.३५. इवाताचं एक्लिप्स एचपी-सीएस आणि निओ सीएन दोन्ही ०.३५ ची, जीएसआय क्रिओसचं प्रोकॉन बॉय २८९ ०.३ चं. इतक्या कंपन्या याच मापाशी येऊन थांबतात, ते उगाच नाही.

१९ जून

मित्राकडचं बिननावाचं स्वस्त गन उसनं आणलं. दोन-अडीच हजारांत तीन नोझल, त्यांत सरकून रंग कमी-जास्त करणाऱ्या तीन सुया, चकचकीत डबी. बघायला झकास.

पाणी आणि शाई घालून वर्तमानपत्रावर मारलं. ट्रिगर दाबला की वाटीत बुडबुडे. याचा अर्थ नोझल नीट टेकलेलं नाही आणि हवा पुढे जायची सोडून उलटी रंगाच्या वाटेनं वर येते. नोझलच्या आट्यांना मधमाश्यांच्या मेणाचा पुसटसा हात दिला, बुडबुडे थांबले. मग ठिपके काढायला घेतले तर प्रत्येक ठिपका डाव्या अंगाला झुकलेला. घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावून टोक पाहिलं: सुई सरळ आहे, पण नोझलच्या भोकाची कड एका बाजूला मुडपलेली. आधी कुणीतरी सुई पुढे दामटली असणार. मोहरीएवढा पितळी तुकडा, आणि सगळं गन त्याच्यावर अवलंबून.

विक्रेत्याला फोन लावला, म्हटलं फक्त नोझल द्या. "सुट्टं येत नाही साहेब, नवीनच सेट घेऊन टाका."

इथे माझं गणित बदललं. गनची किंमत म्हणजे गन अधिक दुसरं नोझल अधिक दुसरी सुई. यातलं काहीतरी एकदा तरी वाकणार, फुटणार किंवा मोरीत पडणार हे धरूनच चालायचं. सुटे भाग न मिळणारं अडीच हजारांचं गन दोन वेळा घेतलं की पाच झाले, आणि तरी हातात नोझल नाहीच.

२२ जून

कॉम्प्रेसर. इथे मंडळी दोन टोकांना असतात. एक टोक म्हणजे मेकअपवाले हातात धरायचे चार्जिंगचे छोटे पंप. त्यांत टाकी नसते, हवा हिसक्याहिसक्यानं येते, आणि रंगाच्या कडेला ती कंपनं दिसतात. दुसरं टोक म्हणजे गॅरेजचा पट्ट्याचा कॉम्प्रेसर. तो फ्लॅटमध्ये लावला तर सोसायटीची सभाच भरायची.

मधला एक देशी जुगाड आहे: भंगारातून जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर आणायचा, त्याला छोटी टाकी जोडायची. आवाज जवळजवळ शून्य. भद्रकालीतल्या भंगारवाल्यानं एक काढून दाखवलाही. पण तो तेलात बुडालेला असतो आणि हवेबरोबर तेलाची वाफ पुढे सोडतो. धातूच्या रंगाखाली लागणाऱ्या चमकदार काळ्यावर तेलाचा एक थेंब म्हणजे माशाच्या डोळ्यासारखा गोल खड्डा. शिवाय त्याला प्रेशर स्विच आणि सेफ्टी व्हॉल्व्ह आपणच बसवायचा. दबावाखालची टाकी घरात, आणि तिची जोडणी माझ्या हातची? नको.

२९ जून

एएस-१८६ जातीचा घेतला. छोटा, बिनतेलाचा पिस्टन, तीन लिटरची टाकी, मिनिटाला वीस-एक लिटर हवा. टाकीत चार बार भरले की आपोआप बंद, तीनच्या खाली आलं की पुन्हा सुरू. हाच सांगाडा ढीगभर ब्रँडच्या स्टिकरखाली विकला जातो, त्यामुळे स्टिकर न बघता किंमत आणि वॉरंटी पाहिली. साडेआठ हजार. बजेटचा मोठा हिस्सा यातच गेला आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. ब्रश उद्या बदलता येईल. हवा नीट नसेल तर पंचवीस हजारांचा ब्रशही थुंकतच राहणार.

प्रेशर लावताना एक गोष्ट: काटा ट्रिगर दाबलेला असताना वाचायचा. बंद असताना वीस पीएसआय दाखवणारा काटा हवा सुटली की पंधरा-सोळावर उतरतो, आणि कामाचा आकडा तोच.

६ जुलै

आषाढी. बाहेर धो-धो. नुसती हवा कागदावर मारून पाहिली तर थोड्या वेळानं पाण्याचे थेंब उडाले. हवा दाबली की तापते आणि तिच्यातली वाफ तशीच पुढे जाते. होजमध्ये गार झाली की तिचं पाणी होतं. कॉम्प्रेसरवरचा पाणी अडवणारा ट्रॅप सुरुवातीलाच आहे, पाणी तयार होतं त्याच्या पुढे. म्हणून गनच्या बुडाशी लागणारा छोटा दुसरा ट्रॅप मागवला, तीन-चारशे रुपयांचा. शिवाय काम संपलं की टाकीच्या तळाचा स्क्रू उघडून पाणी काढायचं. आज चहाच्या कपाच्या तळाला लागेल इतकं निघालं, तेही गंजाच्या रंगाचं. पावसाळ्यात हे रोज.

१३ जुलै

ब्रशची अंतिम चाळणी. एक्लिप्सचं नोझल बिनआट्यांचं असतं, नुसतं जागेवर ठेवून पुढची टोपी आवळायची. पानानं आवळताना आटे तुटण्याची भीतीच नाही. हार्डर अँड स्टीनबेकच्या इव्होल्यूशनचंही तसंच. कुणी मला बजेट न विचारता सल्ला मागितला तर एक्लिप्स सांगेन. पण इथे ते माझ्या सगळ्या बजेटच्या जवळ जातं. पेट्रियट मागवायचं तर बाहेरून, म्हणजे कस्टम आणि कुरिअरचे वरकड पैसे, वर बॅजरच्या आट्यांना नेहमीचा १/८ बीएसपी मापाच्या आट्यांचा होज बसत नाही, त्याचा अडॅप्टर वेगळा.

उरलं निओ सीएन. ०.३५ चं, तैवानमध्ये बनलेलं, नोझल लहान आणि आट्यांचं. म्हणजे ते चिमटीनंच फिरवायचं आणि पाना शेवटच्या पाव फेऱ्यापुरता. मुंबईच्या एका दुकानदाराला गनबद्दल एक शब्द न विचारता आधी विचारलं, "नोझल आणि सुई तुमच्याकडे आज आहे का? फोटो पाठवा." दहा मिनिटांत फोटो आला. त्याच्याकडूनच घेतलं, एक जादा नोझल धरून आठ हजारांच्या आत.

२० जुलै

नुसता सराव. पाणी, शाई, जुनी वर्तमानपत्रं. ठिपके, मग रेषा, मग ठिपके जोडणाऱ्या रेषा. आधी हवा, मग रंग. थांबताना आधी रंग बंद, मग हवा. हे उलट झालं की टोकावर थेंब साठतो आणि पुढच्या वेळी तोच थेंब मॉडेलवर जाऊन आपटतो. फार जवळून जास्त सोडलं की शाईला पाय फुटून कोळी होतो.

मास्कबद्दल: करोनाच्या वेळचे एन-९५ पडून आहेत, पण ते धूळ अडवतात, थिनरची वाफ नाही. ऑरगॅनिक व्हेपरची काडतुसं लागणारा अर्धा मास्क घेतला. बाल्कनीच्या खिडकीत खोक्याला पंखा लावून बूथ केला आहे. तिथेही मास्क उतरवायचा नाही.

३ ऑगस्ट

गल्लीच्या टोकाला गणपतीचा कारखाना लागला आहे, मूर्ती पेणच्या, रंगकाम इथे. आत कॉम्प्रेसरचा आवाज ऐकून शिरलो. रंगारी दादा एका हातात मूर्तीचं पाट फिरवत दुसऱ्या हातानं गालावर गुलाबी छटा देत होते. गन स्वस्तातलं, वाटीला फेविक्विकचा पट्टा. आणि छटा अशी, की कुठे सुरू झाली कळू नये.

पाहिलं ते असं. गन आधी हलतं, मग बोट दाबतं, आणि बोट सुटल्यावरही हात वीतभर पुढे जातो. प्रत्येक नव्या वाटीला पहिला फवारा स्वतःच्या अंगठ्याच्या नखावर. नख ओलं होऊन लगेच मॅट झालं तर ठीक, ओघळलं तर रंग पातळ. रंग जुन्या साडीच्या फडक्यातून गाळलेला.

मी विचारलं, रंग किती पातळ करता? सगळीकडे सांगतात, दुधाइतका.

"दूध कुठलं, दादा? म्हशीचं की पिशवीतलं?" ते हसले. मग वाटी तिरकी करून दाखवली: रंग काठावर चढवायचा आणि सोडायचा. पातळ पडदा राहून सावकाश खाली सरकला पाहिजे. एकदम निसटला तर पाणी जास्त, चिकटून बसला तर कमी.

डोळ्यांच्या आखणीला मात्र ते गन बाजूला ठेवून साधा केसांचा ब्रशच घेतात.

१० ऑगस्ट

साडीचं फडकं आणि नखाची चाचणी, दोन्ही उचलल्या. कॉकपिटमधला तो रशियन निळा-हिरवा टमियाच्या ॲक्रिलिकमधून मिसळला, एक भाग रंगाला एक भाग एक्स-२०ए थिनर, पंधरा पीएसआय. पहिल्याच फेरीत बसला. चाकांच्या रिमना हिरवा. पाण्यावरचे वायेहोचे रंग मात्र टोकावर सुकतात; त्यात रिटार्डरचे (सुकणं लांबवणाऱ्या द्रवाचे) दोन थेंब घातले आणि अधूनमधून थिनरमध्ये बुडवलेल्या साध्या ब्रशनं सुईचं टोक पुसलं, की चालतं.

धुण्यासाठी हार्डवेअरमधलं साधं एनसी थिनर. लिटरचा डबा काही वर्षं पुरेल. एकच पथ्य: त्यात गन बुडवून ठेवायचं नाही, आतल्या रबरी रिंगा फुगतात. वाटीत दोन-चार थेंब, टोपीवर बोट ठेवून हवा उलटी, ओतून टाका, पुन्हा. मग सुई मागच्या बाजूनं काढून पुसायची.

१७ ऑगस्ट

लॅकर प्रायमरची चाचणी प्लॅस्टिकच्या चमच्यांवर. बाहेर संततधार, आणि चमच्यावर पांढुरकी साय आली. थिनर उडताना पृष्ठभाग इतका गार होतो की हवेतली ओल त्यावर बसते आणि रंगात अडकते. यात ब्रशचा काही संबंध नाही. दुसऱ्या चमच्याला लेव्हलिंग थिनर वापरलं, त्यात रिटार्डर असतो, रंग सावकाश सुकतो आणि ओल निघून जायला वेळ मिळतो. साय बरीच कमी, पूर्ण नाही. विमानाला उघडीप मिळेपर्यंत हात लावणार नाही. तसेही आता गणपती.

१४ सप्टेंबर

ऊन. प्रायमर दोन पातळ थरांत, अठरा पीएसआय, तळहाताएवढ्या अंतरावरून. ०.३५ मधून एकदाही अडला नाही. सुकल्यावर दोन हजार नंबरच्या पॉलिश पेपरनं ओलं घासून वर चमकदार काळा. काळ्यात खिडकीचे गज दिसेपर्यंत थांबायचं. धातूची चमक वरच्या रंगातून कमी आणि या काळ्यातून जास्त येते. काळा लावताना मात्र गन जरा जवळ आणि रंग ओला पडला पाहिजे. लांबून मारला की हवेतच सुकून संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत बसतो.

२६ सप्टेंबर

आज चंदीगडला मिग-२१ ला निरोप. १९६३ मध्ये पहिली स्क्वाड्रन तिथेच उभी राहिली होती, आणि शेवटची २३ क्रमांकाची पँथर्सही तिथूनच उतरली. मामा सकाळीच आला. निवृत्तीपर्यंत ओझरला एअरफ्रेमवर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याच्या कामावर होता. टीव्हीवर कार्यक्रम चालू, माझ्या हातात ॲल्युमिनियमचं लॅकर.

ॲल्क्लॅडसारख्या या रंगांत थिनर आधीच असतं, तसंच ओतायचं. बारा पीएसआय, ट्रिगर जेमतेम ओढलेला, एकावर एक धुक्यासारखे थर. तिसऱ्या थराला काळं मावळून धातू उगवला.

मामानं चष्मा वर करून पाहिलं. "अरे, सगळीकडे एकच चांदी नको करूस. देवळाचा कळस आहे का तो?" मग बोटानं दाखवत गेला: शेपटाकडचा भाग उष्णतेनं पिवळट-तपकिरी पडायचा, काही पत्रे मॅट, काही नवे बदललेले म्हणून जास्त उजळ. नाकातला शंकू आणि शेपटाचं टोक हिरवं, कारण आत रडार आणि अँटेना.

दुपारी पॅनल एकेक करून टेपनं मास्क केले, म्हणजे बाजूचा भाग झाकला आणि त्याच रंगात काळ्याचा, तपकिरीचा थेंब घालून छटा बदलत गेलो. मागच्या जोडावर मुद्दाम काहीही न चिकटवता हातानंच तपकिरी रेष दिली, साधारण दीड मिलिमीटर, दोन्ही कडा मऊ. मामा म्हणाला, "हां. आता उडलेलं वाटतंय."

५ ऑक्टोबर

दसऱ्याला काम बंद होतं. आज त्याच ब्रशनं एका जुन्या फसलेल्या पंखावर हिरवा-तपकिरी कॅमोफ्लाज करून पाहिला, कडेला टेप न चिकटवता. अंतर दोन बोटं, प्रेशर बारा, रंग नेहमीपेक्षा पातळ. कड एक मिलिमीटरच्या आसपास. याहून बारीक, ठिपक्याठिपक्यांचे जर्मन डाग वगैरे करायला ०.२ लागेल, ते ज्याला करायचं त्यानं करावं. दुसऱ्या टोकाला १/३५ च्या ट्रकचं प्रायमरही मारलं, वेळ लागला पण झालं. एका ब्रशकडून माझी तेवढीच अपेक्षा होती.

हिशोब: कॉम्प्रेसर साडेआठ, ब्रश आणि जादा नोझल पावणेआठ, मास्क दोन, ट्रॅप, थिनर, गाळण्या, खोक्याचा पंखा मिळून दोनच्या थोडं वर. वीस हजारांच्या पुढे तीन-चारशे गेले.

११ ऑक्टोबर

डिकल (चिकटवायची चित्रं) बसले, पंखांवरची गोल तिरंगी चक्रं सेटिंग सोल्युशननं पॅनलच्या रेषांत उतरली. वरून सॅटिन वार्निशचा थर फक्त मॅट पत्र्यांवर, उजळ पत्रे झाकून. पिटो ट्यूब सगळ्यात शेवटी चिकटवणार.

जादा नोझल अजून पाकिटातच आहे. सुई मात्र आज धुताना फरशीवर पडली, टोकाला बारीकसा आकडा आला. दोन हजार नंबरच्या पॉलिश पेपरवर तिरकी धरून फिरवत सरळ केली, प्रायमरपुरती चालेल. दुकानदाराला मेसेज टाकला. सोमवारी पाठवतो म्हणाला. दोन मागवल्या.